माडाच्या शेंड्यावर पाणी कोण नेतं?

मे महिन्यातली गोष्ट. आमच्या कोकणातल्या घरी भर दुपारी वीज गेली. गच्चीवरची टाकी रिकामी, मोटर बंद, आणि माझी सात वर्षांची भाची खांद्यावर टॉवेल टाकून न्हाणीच्या दारात ताटकळत उभी. तेवढ्यात नारळ काढणारे काका आले. कमरेला कोयता अडकवून बघता बघता माडावर चढले आणि शहाळ्यांची पेंड दोरीनं खाली सोडली. भाचीनं एक शहाळं तोंडाला लावलं, गटागटा रिकामं केलं, हनुवटीवरचं पाणी पुसलं आणि वर शेंड्याकडे बघत मला विचारलं, “मामा, आपल्या टाकीत पाणी नाही. मग ह्याच्या टाकीत कुठून आलं? ह्याची मोटर कुठाय?”

आजी ओटीवरून म्हणाली, “देवाची करणी आणि नारळात पाणी!”

म्हण छानच आहे. पण भाचीचा प्रश्न त्याहून छान आहे. आमची टाकी जमिनीपासून जेमतेम आठ मीटर उंच, आणि तेवढ्या उंचीवर पाणी चढवताना मोटर अशी घरघरते की शेजारच्या घरातही कळतं. हा माड वीस मीटर उंच. त्याच्या बुंध्याला कान लावून बघा, काही ऐकू येत नाही. तरी उन्हाळ्यातल्या एका दिवसात तो तीन-चार बादल्या पाणी तरी शेंड्यापर्यंत नेतो. ना वीज, ना आवाज, ना एखादं हलणारं चाक.

एक सांगून ठेवतो. शहाळ्यातलं पाणी म्हणजे विहिरीचंच पाणी जसंच्या तसं वर गेलेलं नव्हे. त्यातली साखर झावळ्यांत तयार होते, आणि ते गोड पाणी सहा-सात महिने हळूहळू फळात साठत जातं. पण पाणी मुळात आलं ते जमिनीतूनच. मुळांनी घेतलं आणि वीस मीटर वर गेलं. कसं?

भाचीनं लगेच एक उत्तर दिलं. “माड वरून ओढत असेल. स्ट्रॉनं ओढतो तसं.”

चांगला अंदाज आहे, पण इथे एक अडचण येते. उसाचा रस स्ट्रॉनं पिताना आपल्याला वाटतं, आपण रस ओढतोय. खरं तर आपण नळीतली हवा काढून घेतो. मग पेल्यातल्या रसावर बाहेरून जी हवा दाब देत असते, ती रसाला नळीत वर ढकलते. काम हवेचं असतं. आणि हवेची ताकद ठरलेली आहे. ती पाण्याला सुमारे 10 मीटरपर्यंतच उचलू शकते, त्याच्या वर नाही. तुम्ही कितीही जोर लावा, कितीही भारी पंप आणा. गॅलिलिओनं 1638 च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय की ओढून घेणाऱ्या पंपाला एका ठरावीक उंचीवर पाणी चढवताच येत नाही. त्याच्यानंतर काही वर्षांतच टॉरिसेलीनं पाण्याऐवजी जड पारा घेऊन दाखवून दिलं की हवा पाऱ्याला 76 सेंटिमीटर उचलते आणि थांबते. गावाकडे शेतकऱ्यांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की काठावरची मोटर पाणी खेचेनाशी होते, मग ती दोरखंड बांधून विहिरीत खाली उतरवावी लागते.

म्हणजे स्ट्रॉची युक्ती 10 मीटरला संपली. आमचा माड त्याच्या दुप्पट. आणि अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ रेडवुड नावाची झाडं आहेत, त्यातलं हायपेरियन नावाचं झाड 115 मीटरहून उंच आहे. एकावर एक पाच-सहा माड उभे करा, तेवढं!

मग पाणी खालून ढकललं जात असेल का? दुसऱ्या दिवशी मी भाचीला पहाटेच उठवलं आणि न्हाणीमागच्या अळूपाशी नेलं. सांडपाण्यावर वाढलेला अळू तुम्हीही बघितला असेल. त्याच्या प्रत्येक पानाच्या टोकाला एक टपोरा थेंब लोंबत होता. तो पडला की थोड्या वेळानं तिथंच दुसरा. “दव!” भाची म्हणाली. पण दव असतं तर ते सगळ्या पानावर पसरलं असतं. हा थेंब अगदी टोकातूनच पाझरत होता. रात्रभर अळूची मुळं पाणी घेत राहतात, पानांतून वाफ मात्र फारशी निघत नाही, मग खालून आलेला जोर ते पाणी पानाच्या टोकातून बाहेर काढतो. ह्या जोराला मूलदाब म्हणतात.

इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स नावाच्या धर्मगुरूनं हा जोर मोजला होता. वसंत ऋतूत त्यानं द्राक्षाचा वेल छाटला आणि कापलेल्या तोंडावर काचेच्या लांबच लांब नळ्या जोडल्या. वेलीतलं पाणी नळीत चढत चढत वीस फुटांच्या आसपास गेलं. 1727 साली त्याचं पुस्तक आलं. नळ्यांना नळ्या जोडून अशी मोजमापं करत बसणारा हा माणूस मला फार आवडतो. पण मूलदाबानं आमच्या माडाचं कोडं सुटत नाही. वीस फूट म्हणजे सहा मीटर, तेवढ्यानं काय होणार! शिवाय झाडाला सर्वांत जास्त पाणी लागतं भर दुपारी, आणि नेमका तेव्हाच हा दाब नाहीसा होतो. पाईनसारख्या झाडांमध्ये तर तो जवळपास सापडतच नाही.

समईतली वात आठवते? तेल तिच्यातून आपोआप वर चढतं, बारीक धाग्यांमधल्या फटींना चिकटत चिकटत. झाडाच्या आतही केसासारख्या बारीक नळ्या असतात, त्यांना जलवाहिन्या म्हणतात. मग वातीसारखं चढत असेल? हिशेब करून बघू. नळी एक दशांश मिलिमीटर रुंद असेल तर पाणी तिच्यात सुमारे 30 सेंटिमीटर चढतं. एक फूटभर! तुळशीला पुरेल. माडाला नाही.

आणि आता ऐका एका भयंकर प्रयोगाची गोष्ट. 1890 च्या सुमारास जर्मनीतल्या बॉन शहरात एडुआर्ड स्ट्रासबुर्गर नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. त्यानं वीस-बावीस मीटर उंचीचं ओकचं झाड बुंध्याशी करवतीनं कापलं आणि कापलेलं टोक विषारी द्रावात उभं केलं. विष चढत गेलं, वाटेतल्या खोडातल्या सगळ्या जिवंत पेशी मारत गेलं. मग त्यानं द्रावात रंग मिसळला. मेलेल्या खोडातून रंगही वर चढत राहिला, पार शेंड्यापर्यंत! म्हणजे मुळं नाहीत, खोड मेलेलं, तरी पाणी वर जातंच आहे. तसंही जलवाहिनी ही मेलेल्या पेशींचीच बनलेली असते. पेशी लांब वाढतात, भिंती जाड करतात, मग मरतात आणि आतून पोकळ होतात. त्यांच्या रिकाम्या घरांची एकावर एक रांग म्हणजे आपली नळी.

आपल्या जगदीशचंद्र बोसांना हे पटलं नव्हतं. त्यांना वाटायचं, आपलं हृदय जसं धडधडतं तशा खोडातल्या जिवंत पेशी आकुंचन-प्रसरण पावत पाणी वर ढकलतात. कोलकात्यात त्यांनी विजेची बारीक सुई कणाकणानं खोडात खुपसत अशा धडधडणाऱ्या पेशींचा थर शोधला आणि 1923 साली त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. पुढच्या प्रयोगांत त्यांचं हे उत्तर टिकलं नाही. पण झाडाच्या आत इतक्या हळुवार हातानं डोकावणारा माणूस त्या काळात दुसरा क्वचितच होता.

मग कोण नेतं पाणी?

आमच्याकडे विहिरीवर जुना रहाट आहे. भाचीला मी तिथं नेलं आणि म्हटलं, “बादली वर आणायची तर काय करशील?” ती म्हणाली, “दोरी ओढीन.” बरोबर! खालून ढकलायची गरज नाही, हवेचीही गरज नाही. फक्त दोरी तुटता कामा नये. माडाच्या आतही दोरी आहे, आणि ती दोरी पाण्याचीच आहे.

पाण्याची दोरी? पाणी तर हातात धरलं की ओघळतं! थांबा. पावसाळ्यात कौलांच्या कडेला पागोळ्या गळतात तेव्हा एकाच थेंबाकडे टक लावून बघा. तो फुगतो, लांबतो, लोंबकळतो, तरी लगेच पडत नाही. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात म्हणून. उघड्यावर ही पकड सहज सुटते, कारण मध्ये हवा शिरते. पण केसाएवढ्या नळीत, नळीच्या भिंतीलाही चिकटलेल्या आणि हवेचा एकही बुडबुडा नसलेल्या पाण्यात ती पकड इतकी जबरदस्त होते की वीसच काय, शंभर मीटर लांबीचा पाण्याचा धागासुद्धा स्वतःच्या वजनानं तुटत नाही. मुळापासून पानापर्यंत पाणी अखंड, एकसलग.

आणि ओढणारं कोण? ऊन!

झावळीच्या पात्याच्या खालच्या बाजूला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात, तुमच्या नखाएवढ्या जागेत हजारो. ही पर्णरंध्रं. अन्न बनवायला झाडाला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो, तो आत घ्यायला ही दारं उघडावी लागतात. पण दार उघडलं की आतल्या ओल्या भिंतींवरचं पाणी वाफ होऊन बाहेर जातं. ह्याला बाष्पोत्सर्जन म्हणतात. मुळांनी घेतलेल्या शंभर थेंबांपैकी सत्त्याण्णवहून जास्त असे हवेत जातात. पानाच्या आत एका पेशीच्या भिंतीतून पाणी उडालं की तिथला ओलावा भिंतीतल्या सूक्ष्म छिद्रांत जरासा आत खेचला जातो. ही छिद्रं केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या भागाएवढी. इतक्या बारीक छिद्रातून पाणी सहजासहजी मागे हटत नाही, ते मागचं पाणी पुढे ओढतं. मागचं त्याच्या मागचं. तो ताण जलवाहिनीतून सरसर खाली जातो, खोडातून, मुळातून, थेट मातीच्या ओलाव्यापर्यंत.

घरात माठ असेल तर त्याच्या पोटावर हात फिरवा. बाहेरून ओलसर लागतो ना? माठाच्या भिंतीत बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी झिरपतं आणि उडून जातं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शास्त्रज्ञांनी अशाच सच्छिद्र मातीचं भांडं पाण्यानं भरून काचेच्या नळीला जोडलं आणि नळीचं खालचं टोक पाऱ्यात बुडवलं. मातीतून पाणी उडत गेलं आणि पारा चढत गेला. 76 सेंटिमीटरला, जिथं हवेची ताकद संपते, तिथं तो थांबला नाही. पुढेही चढला! ज्या गोष्टीनं आमचं पाणी गार होतं, तीच झाडाचं पाणी चढवते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उठून माठाजवळ जाऊन उभा राहिलो होतो. हेन्री डिक्सन आणि जॉन जोली ह्या आयर्लंडमधल्या दोघा मित्रांनी 1894 साली हे सगळं जुळवून मांडलं, की ऊन पान सुकवतं आणि पाण्याची न तुटणारी दोरी वर येते.

खरंच इतका ताण असतो का, हे मोजायला मात्र 1965 उजाडलं. पेर शोलांडर नावाच्या संशोधकाला उंच झाडांच्या शेंड्यावरच्या डहाळ्या हव्या होत्या. एवढ्या वर चढणार कोण? त्याच्या मंडळींनी बंदुकीनं नेम धरून डहाळ्या पाडल्या! डहाळी कापली की ताणलेला पाण्याचा धागा आत पळतो. मग ती जाड भांड्यात घालून बाहेरून हवेचा दाब वाढवत न्यायचा. कापलेल्या टोकावर पाणी परत डोकावलं की समजायचं, आतली ओढ एवढी होती. शोलांडरनं समुद्रात उभ्या राहणाऱ्या कांदळवनाची झाडंही मोजली. आपल्या खाड्यांमध्ये असतात तसली. खारं पाणी झाडाला पाणी द्यायला तयारच नसतं, उलट त्याच्याकडचंच ओढून घेऊ बघतं. आणि ती झाडं समुद्रापेक्षाही जोरानं ओढतात. खाडीवर गेलात तर तिवराचं पान जिभेला लावून बघा. पाण्याबरोबर आलेलं जास्तीचं मीठ त्यानं पानावर बाहेर टाकलेलं असतं. खारट लागेल.

पाणी चढताना बघायचंय? मग भाद्रपदाची वाट बघा. गौरींसाठी तेरडा आणतात, त्यातली एक ताजी डहाळी मागून घ्या. तेरड्याचं खोड काचेसारखं आरपार असतं, त्याच्यासारखी खिडकी दुसऱ्या झाडात क्वचितच मिळते. परातीत पाणी घेऊन डहाळीचं टोक पाण्याच्या आतच कापा, म्हणजे नळ्यांत हवा शिरणार नाही. मग पेल्यात बोटभर पाणी, त्यात लाल शाई, आणि त्यात डहाळी. पेला उन्हात ठेवा. शेजारी दुसरी तशीच डहाळी ठेवा, पण तिची सगळी पानं खुडून टाका.

आम्ही केलं तेव्हा भाची पट्टी घेऊन बसली होती. आधी काहीच नाही. मग खोडाच्या आत, सालीच्या खाली, धाग्याएवढ्या लाल रेघा दिसायला लागल्या. दर पाच मिनिटांनी ती वहीत आकडा लिहायची. अर्ध्या तासात रेघा पहिल्या पानाच्या देठाशी पोचल्या, तिथं फाटा फुटला, आणि पानाच्या शिरा एकेक करून लाल झाल्या. बिनपानाच्या डहाळीत रंग खालच्या बाजूलाच रेंगाळत होता. शेवटी आम्ही खोड आडवं कापलं. गोल चकतीवर लाल ठिपक्यांचं कडं! प्रत्येक ठिपका म्हणजे नळ्यांची एक जुडी. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण त्या चकत्या भाचीनं वहीत चिकटवल्यात, अजून तशाच आहेत.

आता दोरी म्हटली की तुटण्याची भीती आलीच. माती कोरडी पडली, ऊन तापलं, की ओढ वाढत जाते आणि एखाद्या नळीतला धागा टचकन तुटतो. तिथं बुडबुडा होतो, ती नळी निकामी. 1966 मध्ये मिलबर्न आणि जॉन्सन ह्यांनी एरंडाच्या पानाचा देठ कोमेजत असताना त्याला संवेदनशील यंत्र लावलं आणि धागे तुटल्याचे टकटक आवाज टिपले. 2023 मध्ये इस्रायलमधल्या तेल अवीवच्या शास्त्रज्ञांनी तहानलेल्या टोमॅटो आणि तंबाखूच्या रोपांशेजारी माइक ठेवले. तासाला तीस ते पन्नास टिकटिकी! पाणी घातलेल्या रोपांची तासाला एकही धड नाही. आवाज इतक्या वरच्या पट्टीतले की आपल्या कानांना ऐकू येत नाहीत. ते बहुधा अशाच बुडबुड्यांचे असावेत. एक नळी गेली तरी झाड मरत नाही, कारण शेजारशेजारच्या नळ्यांमध्ये बारीक जाळीच्या खिडक्या असतात. पाणी त्यातून वळसा घालून जातं, बुडबुडा मात्र जाळीत अडकून पडतो.

ह्या ओढीनं झाड स्वतःही थोडं आक्रसतं. दुपारी खोडाचा घेर केसभर कमी होतो, रात्री पाणी भरलं की पुन्हा वाढतो. डोळ्यांना नाही दिसत, नाजूक यंत्रानं मोजता येतं.

वाडीच्या टोकाला ओहोळावर माडाच्या ओंडक्यांचा साकव आहे. मे महिन्यात वीज गेली होती त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही तिथं गेलो आणि मी भाचीला ओंडक्याचं कापलेलं तोंड दाखवलं. आंब्याचा किंवा सागाचा ओंडका असतो तसं नाही ते. त्यात वर्तुळं नाहीत. नुसते काळपट ठिपके, शेकडो, हजारो, कडेला दाट, मध्ये विरळ. तिनं बोट फिरवलं तर खरखरीत लागलं. प्रत्येक ठिपका म्हणजे एक धागा, आणि त्या धाग्यात माडाच्या नळ्या. साग दरवर्षी नव्या नळ्यांचं नवं कडं तयार करतो, जुन्या निवृत्त होतात. माडाला ते जमत नाही. एकदा घडलेल्या खोडात तो नव्या नळ्या घालू शकत नाही. लहान असताना बुंध्यात ज्या नळ्या तयार झाल्या, त्याच जन्मभर. आमचा तो शहाळ्याचा माड आजोबांनी लावलेला, साठी ओलांडलेला. म्हणजे साठ वर्षांपूर्वीच्या नळ्यांतून आजचं पाणी चढतंय, आणि वरची झावळी जेमतेम दोन-तीन वर्षांची.

परत येईपर्यंत वीज आली होती. मोटर घरघरायला लागली. भाची आंघोळ करून ओल्या केसांनी बाहेर आली ती तांब्या भरूनच. माडाच्या आळ्यात तिनं पाणी ओतलं आणि मान वर करून उभी राहिली.

“वर कधी पोचेल?”

“आता ऊन गेलं,” मी म्हटलं. “झावळ्यांची दारं मिटली असतील. रात्री अगदी सावकाश चढेल. खरी ओढ उद्या ऊन वर आल्यावर.”

तिनं रिकामा तांब्या आळ्याच्या कडेला उपडा ठेवला आणि आजीला ओरडून सांगितलं, “आजी, मला उद्या लवकर उठव!”